उन्हाळा, दुकानातील संगणक आणि पंख्याचा वेग

मराठवाड्यात लग्नसराई आणि कडक ऊन ही दोन्ही एकदमच येतात. एप्रिल-मे महिन्यांत लातूर, मुरुड, औसा, निलंगा या पट्ट्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि त्याच दिवसांत कापड दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मागील काही वर्षांत ईदची खरेदीही उन्हातच झाली. ईदुल फित्र २०२२ साली ३ मे रोजी, २०२३ साली २२ एप्रिल रोजी आणि २०२४ साली ११ एप्रिल रोजी होती. चांद्र वर्षामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. लग्नसराई मात्र जागची हलत नाही.

नेमक्या याच दिवसांत दुकानातील संगणक दगा देतो. सकाळी दहा वाजता तो ठीक चालतो. दुपारी दोनला बिल निघायला वेळ लागू लागतो, आतला पंखा घरघरतो आणि मग पडदा एकदम काळा होतो. समोर गिऱ्हाईक उभे, गाठोडे बांधलेले, आणि बिल अर्धवट. दुकानदार म्हणतो, "व्हायरस आला." पोरगा म्हणतो, "मशीन जुनी झाली, नवी घ्या." बऱ्याच वेळा यातले एकही खरे नसते. मशीन फक्त तापलेली असते.

पूर्वी हा प्रश्न मोठ्या शहरातल्या कचेऱ्यांचा होता. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि संगणक लहान गावातील दुकानातही आला. मासिक विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचा तपशील पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कराचा भरणा २० तारखेपर्यंत करायचा असतो. तारीख चुकली की विलंब शुल्क. उधारीचा हिसाब, मालाचा साठा, कारागिरांची मजुरी हे सर्व त्याच डब्यात. कापडवालाच नव्हे, तर लग्नपत्रिका छापणारा, कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचे डिझाइन करणारा, फ्लेक्सवाला, ऑनलाइन फॉर्म भरून देणारा अशा सर्वांची रोजी त्यावर आहे. म्हणून त्याच्या उष्णतेचा हिशेब दुकानदाराने स्वतः समजून घेणे जरुरीचे आहे. तो अवघड नाही.

उष्णता येते कोठून?

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो आकाराने आगपेटीपेक्षाही लहान असतो, पण त्यात जाणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेतच बदलते. १९९३ साली पेंटियम आला तेव्हा त्याचे पहिले नमुने सुमारे १५ वॅट वीज घेत, आणि तेवढ्यासाठीही डोक्यावर पंखा बसवण्याची पद्धत रूढ झाली. त्याआधीचे ४८६ जातीचे अनेक प्रोसेसर पंख्याविना चालत. आजचा साधा दुकानी प्रोसेसर पूर्ण कामाच्या वेळी ६० वॅट किंवा त्याहून अधिक घेतो. जुन्या पिवळ्या बल्बला ६० वॅटवर हात लावता येत नसे, हे पन्नाशीतल्या वाचकांना आठवत असेल. तितकीच उष्णता इथे बोटाच्या पेराएवढ्या जागेतून बाहेर काढायची असते.

ही चिंता संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकेत १९४६ साली जगासमोर आलेल्या एनिॲक यंत्रात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते आणि ते १५० किलोवॅट वीज खाई. ते थंड ठेवण्यासाठी मोठमोठे झोतपंखे बसवावे लागले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला टिफ्रॅक हाही व्हॉल्व्हवर चालणारा संगणक होता. आज पुण्याच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' या महासंगणकात प्रोसेसरजवळून द्रव फिरवून उष्णता काढून नेतात. आपल्या दुकानात ते शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. आपल्याला ॲल्युमिनियमचा एक ठोकळा आणि त्यावरचा एक पंखा पुरेसा आहे, पण त्यांचे काम त्यांना करू दिले पाहिजे.

हा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, प्रोसेसरवर घट्ट बसवलेला असतो. त्याला पातळ पट्ट्या असतात. प्रोसेसरची उष्णता मधल्या पेस्टमधून ठोकळ्यात येते, ठोकळ्यातून पट्ट्यांत पसरते आणि पट्ट्यांवरून पंख्याची हवा ती घेऊन जाते. या साखळीतील एक कडी जरी अडली तरी प्रोसेसर तापतो. पंखा ही त्यातील शेवटची कडी आहे. लोक मात्र तिच्यापासूनच सुरुवात करतात.

अंशांचा जमाखर्च

आता व्यापाऱ्याच्या पद्धतीने हिशेब मांडू. समजा एखादा ठोकळा आणि पंखा मिळून दर वॅटमागे अर्धा अंश चढू देतात. प्रोसेसर ६० वॅट घेत असेल तर तो आसपासच्या हवेपेक्षा ३० अंश जास्त तापेल. वातानुकूलित खोलीत हवा २५ अंश असेल तर प्रोसेसर ५५ वर राहील. मुरुडच्या दुकानात मे महिन्याच्या दुपारी हवा ४१ अंश असेल तर तोच प्रोसेसर ७१ वर जाईल. पंखा तोच, काम तेच, आणि फरक १६ अंशांचा.

तोच संगणक लाकडी काउंटरच्या बंद कप्प्यात ठेवला तर त्याचीच गरम हवा त्याच्याच तोंडात फिरते. कप्प्यातील हवा ५० अंश झाली की प्रोसेसर ८० वर गेला. त्यात ठोकळ्याच्या पट्ट्यांमध्ये कापडाचे तंतू अडकून तो निम्मा बुजला आणि दर वॅटमागे अर्ध्याऐवजी ०.८ अंश चढू लागला, तर ५० अधिक ४८, म्हणजे ९८ अंश.

बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, जेणेकरून उष्णता घटावी. दुपारी बिल हळू निघते ते यामुळे. तरीही उष्णता वाढतच राहिली तर तो जळू नये म्हणून यंत्रणा वीज तोडते. पडदा काळा होतो तो यामुळे. म्हणजे संगणक बिघडत नाही, स्वतःचा जीव वाचवतो. पण त्या क्षणी चालू असलेली नोंद जाऊ शकते, आणि हिशेबाची फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली तर फाइल खराब होण्याची भीती असते. गिऱ्हाइकाच्या उधारीची नोंद पुसली गेली तर तंटा संगणकाशी होत नाही, माणसामाणसांत होतो.

या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते. पंखा कितीही जोरात फिरला तरी प्रोसेसर दुकानातील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. पंखा हवा थंड करीत नाही, ती फक्त हलवतो. म्हणून वेग वाढवण्याआधी हवेची वाट मोकळी करावी. हाच या लेखाचा मतलब आहे.

उष्णताच आहे हे ओळखावे कसे?

सकाळी ठीक आणि दुपारी संथ, हे उष्णतेचे पहिले लक्षण. वीज गेल्याबरोबर संगणक बंद पडत असेल तर दोष यूपीएसच्या बॅटरीचा. वीज असताना, काम वाढल्यावर, काही मिनिटे पंखा जोरात फिरून मग बंद पडत असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा.

खात्री करण्यासाठी संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ कळ दाबून बायॉसमध्ये जावे. तेथे हार्डवेअर मॉनिटर या भागात प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचे मिनिटाला होणारे फेरे दिसतात. मात्र तेथे दुकानाचे काम चालू नसते, त्यामुळे तो आकडा कामाच्या वेळचा नसतो. कामाच्या वेळचे तापमान पाहण्यासाठी 'कोअर टेम्प'सारखा मोफत प्रोग्राम मिळतो. सकाळी दुकान उघडल्यावर आणि दुपारी तीन वाजता, असे दोन आकडे आठवडाभर वहीत लिहावेत. दुपारी ७०-७५ पर्यंत असेल तर फिकीर करू नये. ८५ च्या वर वारंवार जात असेल तर काम करण्याची वेळ आली.

याच वेळी टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरवर किती टक्के बोजा आहे तेही पाहावे. बिलाचा एकच प्रोग्राम चालू असताना बोजा सतत ८०-९० टक्के दिसत असेल तर एखादा नको असलेला प्रोग्राम मागे चालू आहे. तो बंद केल्यास उष्णता आपोआप उतरते.

वेग वाढवण्याआधीची कामे

पहिले काम जागेचे. कॅबिनेट बंद कप्प्यातून बाहेर काढावे. मागच्या बाजूने गरम हवा बाहेर पडते, म्हणून भिंतीपासून निदान अर्धी वीत अंतर ठेवावे. जमिनीवर धूळ जास्त, म्हणून लहान स्टुलावर ठेवावे. पत्र्याच्या छताखाली वरची हवा सर्वांत जास्त तापते, तेव्हा फळीवर उंच चढवू नये. धूळ नको म्हणून काही जण चालू संगणकावर प्लास्टिकचे आवरण घालतात. हे उन्हाळ्यात माणसाला रजई पांघरण्यासारखे आहे. आवरण रात्री, संगणक बंद केल्यावर घालावे. उलट काही जण कॅबिनेटची बाजूची झाकणे काढून ठेवतात. त्याने थोडा फरक पडतो, पण धूळ, पाली आणि लहान मुलांची बोटे यांना वाट मिळते.

दुसरे काम सफाईचे. कापड दुकानाची धूळ साधी नसते. ठाण फाडताना, ब्लाउज पीस कापताना, शिलाई मशीन चालताना बारीक तंतू उडतात. ते पंख्याने आत ओढले जातात आणि पट्ट्यांवर चटईसारखा थर धरतात. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना हे सांगायला नको. वरून पंखा फिरताना दिसतो, पण त्याची हवा खाली पोचतच नाही. म्हणून किराणा दुकानात वर्षातून एकदा सफाई चालत असेल तर कापड आणि शिलाईच्या दुकानात ती दर तीन-चार महिन्यांनी करावी.

सफाईची रीत अशी. मुख्य वायर काढावी. मग संगणकाचे बटण एकदा दाबावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट दुकानाबाहेर न्यावे, नाहीतर सगळे तंतू ठाणांवर बसतील. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची वीज उतरवावी. पंख्याची पाती पेन्सिलीने धरून ठेवावीत आणि मग हाताच्या ब्लोअरने हवा मारावी. पाती मोकळी सोडून झोत मारल्यास पंखा भलत्या वेगाने फिरतो, त्याची बेअरिंग खराब होते आणि उलट वीजही तयार होऊ शकते. ओले फडके कोठेही लावू नये. पॉवर सप्लायच्या डब्याला बाहेरूनच हवा मारावी, तो उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात धोक्याची वीज राहते.

तिसरे काम पेस्टचे. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधील पेस्ट काही वर्षांनी वाळून कडक होते. सफाई करूनही तापमान उतरले नाही तर मेकॅनिककडून ठोकळा काढवून जुनी पेस्ट पुसावी आणि नवी लावावी. तुरीच्या एका दाण्याएवढी पुरे. जास्त लावल्याने थंडावा वाढत नाही, कारण पेस्ट फक्त सूक्ष्म फटी भरण्यासाठी असते. ठोकळ्याचे चारही कोन घट्ट बसले आहेत ना हे त्याच वेळी पाहून घ्यावे. एक कोन उचललेला असेल तर बाकी सर्व मेहनत फुकट.

आता पंख्याचा वेग

एवढे झाल्यावर वेगाकडे वळावे. प्रथम पंख्याला किती तारा आहेत ते पाहावे. दोन तारांच्या पंख्याला फक्त वीज मिळते. तिसरी तार असेल तर ती फेरे मोजून मदरबोर्डला कळवते. अशा पंख्याचा वेग १२ व्होल्टऐवजी कमी व्होल्ट देऊन उतरवता येतो. चौथी तार ही हुकमाची तार. तिच्यावरून सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद असा इशारा जातो आणि त्यातील चालू काळाच्या टक्केवारीवर पंखा आपला वेग ठरवतो. आजच्या प्रोसेसरवरील पंखे बहुधा चार तारांचे असतात.

बायॉसमध्ये या व्यवस्थेला निरनिराळी नावे आहेत. गिगाबाइटच्या बोर्डात 'स्मार्ट फॅन', एसूसच्या बोर्डात 'क्यू-फॅन', तर एमएसआयमध्ये 'हार्डवेअर मॉनिटर' या भागात ती सापडते. तेथे सायलेंट, नॉर्मल, फुल स्पीड आणि मॅन्युअल असे पर्याय असतात. विसरून सायलेंटवर राहिलेला संगणक पंखा उशिरा वाढवतो. थंड कचेरीत ते बरे, आपल्या मे महिन्यात नाही.

मॅन्युअलमध्ये अमुक तापमानाला अमुक टक्के वेग अशी पायऱ्यांची मांडणी करता येते. आपल्या भागासाठी एक सुरुवातीची मांडणी अशी ठेवता येईल: ५० अंशांपर्यंत ४० टक्के, ६० अंशांना ६० टक्के, ७० अंशांना ८० टक्के आणि ७५ अंशांपासून पुढे पूर्ण वेग. ही मांडणी वर्षभर चालते. हिवाळ्यात प्रोसेसरच ५० च्या खाली राहतो, त्यामुळे पंखा आपोआप शांत होतो. खालची पायरी फार कमी ठेवू नये, कारण काही पंखे २०-३० टक्क्यांखाली अडखळतात किंवा थांबतात. पंखा बंद पडल्यास इशारा देण्याची सोय असेल तर ती चालू करावी. शेवटी एफ-१० दाबून बदल जतन करावेत. व्होल्ट किंवा प्रोसेसरच्या वेगाचे आकडे दिसले तरी त्यांना हात लावू नये.

पंखा सारखा कमी-जास्त होऊन कटकट करीत असेल तर काही बोर्डांत बदल सावकाश करण्याची सोय असते. तिची वेळ काही सेकंदांनी वाढवावी.

तयार कंपनीच्या संगणकांत आणि लॅपटॉपमध्ये ही मोकळीक बहुधा मर्यादित असते. तेथे विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केल्यास अनेक मशीनमध्ये त्याची जादा दौड थांबते आणि उष्णता उतरते. बिलाच्या कामात फरक जाणवत नाही. लॅपटॉप गादीवर किंवा कापडाच्या थप्पीवर कधीही ठेवू नये, कारण त्याची हवा बहुधा खालून येते.

नफा-तोटा

पूर्ण वेगाने विजेचे बिल वाढेल का? एवढा पंखा साधारण ३ वॅट घेतो. रोज दहा तास चालला तरी महिन्याला एक युनिटही होत नाही. खरी किंमत आवाजाची आणि बेअरिंगची. वेग दुप्पट केला तर हवा जवळपास दुप्पट होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो आणि पंख्याला लागणारी शक्ती आठपट होते. त्या मानाने तापमान निम्मे उतरत नाही. पहिल्या काही टक्क्यांचा फायदा मोठा, शेवटच्या टक्क्यांचा लहान. म्हणून तुंबलेल्या ठोकळ्यावर पूर्ण वेग लावणे म्हणजे बंद खिडकीसमोर पंखा लावणे होय.

पंखा घरघरत असेल तर तेलाचा थेंब टाकून थोडे दिवस निभते, पण तो बदलणेच बरे. नवा पंखा घेताना जुन्याचा आकार आणि तारांची संख्या जुळवून घ्यावी.

दुकानात कूलर असेल तर त्याने हवा उतरते आणि प्रोसेसरही तितकाच उतरतो. पण कूलरचा ओला झोत सरळ कॅबिनेटवर सोडू नये. ओलावा आणि खाऱ्या पाण्याचे कण आत गेले तर एक दुखणे जाऊन दुसरे येते.

यूपीएसलाही उन्हापासून वाचवावे. त्यातील शिशाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांमागे साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. कॅबिनेटच्या गरम हवेच्या तोंडाशी ती ठेवणे म्हणजे दुहेरी नुकसान.

ही सर्व कामे केव्हा करावीत? मार्चअखेर हिशेबाची घाई असते आणि पुढे लगेच लग्नसराई. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एक दुपार काढावी. सफाई, पेस्टची तपासणी, पंख्याची मांडणी आणि हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेणे, एवढे त्यात होते. पुढे मे संपेपर्यंत ती प्रत रोज रात्री दुकान बंद करताना घ्यावी आणि घरी न्यावी. लातूरहून मेकॅनिक बोलावण्याचा खर्च, एक दिवसाची बुडालेली दुकानदारी आणि गिऱ्हाइकाची नाराजी यांच्या तुलनेत ही दुपार स्वस्त पडते. सर्व करूनही पारा ८५ च्या खाली येत नसेल, तर मशीन बदलण्याचा विचार करावा. त्याआधी नाही.